खिडकीतला दिवा की टेबलावरचा

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला हनुका, यहुद्यांचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, आणि त्याच्या सहा संध्याकाळी ताईच्या तक्त्यामुळे भांडणाशिवाय पार पडल्या होत्या. ताई अग्निशमन दलात केंद्र अधिकारी. पाळ्या लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने आईच्या फ्रिजवर कागद चिकटवला होता: पहिली, तिसरी, पाचवी संध्याकाळ दादाची, दुसरी, चौथी, सहावी धाकट्याची. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी यायचं, आईसोबत दिवे लावायचे, गाणं म्हणायचं आणि एकमेकांचं तोंड न बघता घरी जायचं. सातवी संध्याकाळ शुक्रवारची होती. त्या चौकटीत ताईने प्रश्नचिन्ह काढलं होतं. आईने ते खोडलं आणि चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या हाताने ठसठशीत लिहिलं: सगळे.

त्यामुळे शुक्रवारी दुपारी धाकटा आईच्या घरी हजर होता, आणि दादा यायला अजून दोन तास असूनही त्याला बसवत नव्हतं.

धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. कुठे काही कुरकुरलं की त्याच्या पाठीतून कळ जायची. आईच्या घरात सगळंच कुरकुरत होतं. दिवाणखान्याचं दार, स्वयंपाकघराचं दार, कपाट, खिडकीची तावदानं. बाबा होते तोवर हे आवाज घराचेच वाटायचे. आता ते तक्रारीसारखे वाटत होते. आई आतल्या खोलीत पडली होती. अडीचच्या सुमाराला वीज गेली. कोपऱ्यावर रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली होती आणि चर खणणारा माणूस चराच्या काठावर बसून, जणू ती तशीच सापडली, असं सगळ्यांना सांगत होता. फ्रिजची घरघर थांबली, तशी बिजागऱ्यांची कुरकुर आणखीच ऐकू यायला लागली. धाकट्याने स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यातून एक उंच हिरवी बाटली काढली, चमच्याने थेंब थेंब सोडत कामाला लागला आणि तासाभरात घर असं गप्प केलं की आई उठून बाहेर आली तेव्हा आपण बहिऱ्या झालो की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

"काय केलंस रे?"

"तेल घातलं. सगळीकडे. शिलाई मशीनलासुद्धा."

"कुठलं तेल?"

धाकट्याने बाटली वर धरली. तळाशी बोटभर तेल उरलं होतं.

आईने बाटलीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग खुर्ची ओढून शांतपणे बसली. "ते दिव्याचं होतं," ती म्हणाली. "आजच्या सात वातींचं, सेवक दिव्याचं आणि शब्बाथच्या दिव्याचं."

* * *

साडेचारला दादाची गाडी खाली लागली तेव्हा वहिनीच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, आणि त्या पिशवीत काय आहे हे दादाला कसं सांगावं याचा विचार ती चार सिग्नल करत होती.

दादा दंतवैद्य, आणि त्याच्या दवाखान्यात वहिनी सगळंच: फोन, वेळापत्रक, रडणारी मुलं, आणि रडणाऱ्या मुलांपेक्षा जास्त रडणारे त्यांचे वडील. आठ पांढऱ्या मेणबत्त्या तिने आठवडाभर आधी आणल्या होत्या. शुक्रवारी विसरायला नकोत म्हणून सकाळीच नजरेसमोर ठेवल्या होत्या. दवाखान्यात नजरेसमोरची एकच सपाट जागा होती. दातांची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं झाकण.

"अहो," ती जिन्यात म्हणाली, "मेणबत्त्या आहेत, पण जरा एकत्र आहेत."

"एकत्रच हव्यात."

"तसं नाही. फारच एकत्र आहेत."

दादाने पिशवीत डोकावलं. आत एक पांढरा गोळा होता, आणि त्यातून आठ वाती निरनिराळ्या दिशांना डोकावत होत्या.

दादा काही बोलला नाही. एरवी तो बोलला असता. पण आज धाकटा वर होता, आणि धाकट्यासमोर स्वतःच्या बायकोच्या चुकीचा उच्चार करणं म्हणजे आपल्या हाताने त्याला हुकमाची पानं वाटून देणं. वहिनीला हे बरोबर कळत होतं, आणि नवऱ्याचं त्याच्या भावाशी भांडण झाल्याचा तिला नऊ महिन्यांत पहिल्यांदाच काही उपयोग झाला होता.

वर गेल्यावर दार नि:शब्द उघडलं. दादा दचकला.

"दाराला काय झालंय?"

* * *

पुढची दहा मिनिटं त्या घराने बरंच ऐकलं.

"हनुकाचं तेल!" दादा म्हणाला. "आपल्या पूर्वजांना मंदिरात एका दिवसाचं शुद्ध तेल सापडलं आणि ते आठ दिवस जळलं. आणि या घरात आठ वातींचं तेल होतं, ते एका दुपारीत बिजागऱ्यांना पाजलं! ठिणगे, त्याला विचार, बाटलीवर लिहिलेलं वाचता येत नव्हतं का?"

ठिणगी म्हणजे ताई. ती ड्यूटीवरून थेट आली होती, बूट अजून पायात होते. नऊ महिने भावांचं बोलणं तिच्याच मार्फत चालत होतं. सुरुवातीला ती शब्दन् शब्द पोचवायची. आता वायरलेसवर बोलल्यासारखी फक्त मथळे द्यायची.

"दादा विचारतोय, वाचता येतं का?"

"त्याला सांग, बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं."

"लिहिलेलं नव्हतं."

"ते मी ऐकलं!"

"मग मला कशाला विचारतोस?"

"आई," वहिनी मध्येच म्हणाली, कारण ही वेळ बरी होती, "मेणबत्त्यांचं जरा..." आणि तिने गोळा टेबलावर ठेवला.

सगळे गोळ्याकडे बघत राहिले. धाकट्याचे ओठ हलले. ते हसू होतं हे दादाला दिसलं आणि ते दादाला दिसलं हे वहिनीला.

"पेटेल की," धाकटा ताईला म्हणाला. "आठही वाती आहेत. आपल्याला आठच हव्यात."

"मी असताना नाही," ताई म्हणाली. "आठ वाती इतक्या जवळ पेटल्या की एक ज्योत होते. फूटभर वर जाते. वरती पडदा आहे."

"आणि मी असतानाही नाही," आई म्हणाली. "रब्बींनी शास्त्रात हे आधीच सांगून ठेवलंय. प्रत्येक वातीची ज्योत वेगळी दिसली पाहिजे. सगळ्या मिसळल्या तर त्याला दिवा म्हणत नाहीत, शेकोटी म्हणतात."

"बघा," ताई म्हणाली. शास्त्र आणि अग्निशमन दलाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"साधं तेल?" दादाने विचारलं. "स्वयंपाकाचं? ते चालतं."

 आईने ताईकडे बघितलं. ताईने आपल्या बुटांकडे बघितलं.

"मी आले तेव्हा," ती म्हणाली, "गॅसवर कढईभर तेल होतं. बंद गॅसवर, मान्य आहे. पण गरम. आणि स्वयंपाकघरात कोणी नाही. घरांना लागणाऱ्या दहा आगींतल्या..."

"ओतून दिलंस?"

"थंड करून टाकून दिलं. नियमाप्रमाणे."

"डब्यातलं?"

"ते कढईतच होतं, डब्यातलं सगळं," आई म्हणाली. "तळण पाच जणांचं करायचं होतं, आणि दिव्यांना मेणबत्त्या येणारच होत्या. मला वाटलं होतं, पोटं भरली की तोंडं उघडतील."

दादा ताठ उभा राहिला. घरात एकच माणूस होता ज्याने काहीच बिघडवलं नव्हतं, आणि तो माणूस आपण आहोत हे त्याला आता उमगलं. तो म्हणाला, "मी दुकानात जातो," आणि गेला. सात मिनिटांत परत आला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला गेल्या महिन्यात विजेवर चालणारं शटर बसवलं होतं. शटर गुडघ्यापर्यंत येऊन अडकलं होतं, दुकानदार बाहेर होता आणि दुकान आत.

"हाताने उघडायला दांडा असतो," धाकटा छताकडे बघून म्हणाला.

"ठिणगे, त्याला सांग, दांडा दुकानाच्या आत आहे."

"दांडा आत आहे."

"हं," धाकटा म्हणाला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला दादाची थोडी कीव आली. दांडा नेहमी आतच असतो.

शेजारचे काल परगावी गेले होते; वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांकडे एक टॉर्च होता आणि तो त्यांना स्वतःलाच हवा होता. गल्लीत यहुदी घर हे एकच. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वापाच ही दिव्यांची वेळ; त्यानंतर सूर्य मावळला की शब्बाथ, आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, आणि शब्बाथ लागला की कोणी काडी ओढायची नाही, पेटलेला दिवा हलवायचा नाही, काही नाही.

आईने बाटलीतलं तेल काचेच्या पेल्यात ओतून बघितलं. पेल्यात तिने आधी पाणी घातलं होतं. तेल त्यावर बोटाच्या पेराएवढं तरंगलं. शाळेत पर्जन्यमापक धरायची तसा तिने पेला डोळ्यांजवळ धरला.

"एक वात," ती म्हणाली. "फार तर दीड तास. दोन ठिकाणी वाटलं तर दोन्ही दिवे अंधार पडायच्या आत विझतील. तेव्हा एकच दिवा. कुठला?"

* * *

खिडकीतला की टेबलावरचा. हा प्रश्न ऐकताच दादा सुखावला, कारण याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

"खिडकीतला," तो म्हणाला. "विचारायचं काय त्यात? शब्बाथ दर आठवड्याला येतो. हनुका वर्षातून एकदा. आणि हा दिवा लोकांना दिसावा म्हणून असतो, चमत्कार जगाला कळावा म्हणून. बाबांनी साठ वर्षांत एकदाही ही खिडकी अंधारी ठेवली नाही. दुकानातून ताप घेऊन यायचे, पण आधी दिवे. आज सगळी गल्ली अंधारात आहे. आज तर एक ज्योतसुद्धा कोपऱ्यापासून दिसेल. बाबांच्या पहिल्याच वर्षी आपण खिडकी बंद ठेवायची?"

तो चांगलं बोलला होता. ताईचीसुद्धा मान हलली. वहिनीला वाटलं, हा माणूस दात न दाखवता बोलतो तेव्हा किती बरा बोलतो.

"टेबलावरचा," धाकटा म्हणाला.

"का?" ताईने विचारलं.

धाकट्याकडे कारण नव्हतं. दादा खिडकी म्हणाला म्हणून तो टेबल म्हणाला होता. दादा टेबल म्हणाला असता तर त्याने खिडकीसाठी जीव दिला असता. हे त्याचं त्यालाही कळलं आणि त्याचे कान लाल झाले. "जेवायला दिसायला पाहिजे," तो पुटपुटला.

"जेवायला!" दादा म्हणाला. "बघ ठिणगे, याला चमत्कारापेक्षा ताट महत्त्वाचं."

"त्याला सांग, चमत्काराने कोणाचं ताट दिसत नाही."

"बरोबर," आई म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. तिने नक्की कोणाला बरोबर म्हटलं ते त्यांना कळेना.

"खिडकीतल्या दिव्याचा उजेड वापरायचा नाही," आई म्हणाली. "तो फक्त बघायचा. त्याच्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, सुई शोधायची नाही. म्हणून तर शेजारी सेवक दिवा असतो, चुकून वापरलाच उजेड तर त्याचा वापरला असं म्हणता यावं. तो दिवा आपला नव्हेच. आपण नुसते राखणदार. आणि हा," तिने पेल्याला बोट लावलं, "हा वापरायचाच दिवा आहे. घरातली माणसं एकमेकांना धडकू नयेत म्हणून. समोर कोण बसलंय ते दिसावं म्हणून. याच्या उजेडात नुसतं देवाकडे बघत बसलं तर तेल फुकट."

"पण मोठा कुठला?" दादा म्हणाला.

"हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारत नाहीयेस. रब्बींनी तो कधीच सोडवून ठेवलाय. एखाद्याकडे एकाच दिव्याचं तेल असेल, आणि शुक्रवारी हनुका आला असेल, तर त्याने काय करावं? घरातला दिवा लावावा. चमत्कार थांबेल."

"का पण?"

"घरात शांती राहावी म्हणून."

 ताईला हसू फुटलं. ते तिने खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण वहिनीच्याही खांद्यांना कंप सुटला होता.

"या घरात?" ताई म्हणाली.

"याच घरात," आई म्हणाली. "ज्या घरात शांती आहे त्या घराला रब्बींनी कशाला सांगितलं असतं? पाच मिनिटं आहेत. वात आणा."

दादा खिडकीजवळ गेला. पितळी दिवा तिथे घासूनपुसून ठेवला होता, आठ वाट्या आणि वर उचललेली नववी. गल्लीतून सायकल ढकलत चाललेल्या शिंपीणबाईंनी मान वर केली. त्यांचं दुकान या खिडकीसमोरच होतं आणि हनुकाच्या आठवड्यात दिवे लागले की त्या दुकान बंद करायच्या.

"आज दिवे नाहीत?" त्यांनी खालून विचारलं.

"आज घरात आहे," दादा म्हणाला. स्वतःचंच उत्तर त्याला नवीन वाटलं. तिथेच उभा राहून तो रिकाम्या वाट्यांकडे जरा वेळ बघत राहिला, मग त्याने पडदा ओढला.

* * *

आईने डोक्यावर रुमाल घेतला, वात पेटवली, हातांनी ज्योतीभोवती तीनदा उजेड जवळ ओढल्यासारखं केलं आणि डोळे झाकून प्रार्थना म्हटली. ताई काडीपेटी घेऊन मागे उभी राहिली आणि विझलेली काडी तिने पाण्यात बुडवली. दोनदा.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की टेबल फार मोठं आहे.

सहा महिन्यांपूर्वी सगळे शेवटचे एकत्र जेवले तेव्हा दादा या टोकाला बसला होता, धाकटा त्या टोकाला, आणि मध्ये आमटीचं पातेलं, फुलदाणी आणि ताई. आज उजेड टेबलाच्या मधोमध एका परातीएवढा पडत होता. टोकाला बसणाऱ्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. दिवा हलवायचा नाही, म्हणजे माणसांनी हलायचं. खुर्च्या सरकल्या. वहिनी आईच्या डावीकडे बसली, ताई उजवीकडे. समोर दोनच खुर्च्या उरल्या, एकमेकींना चिकटून. दोघे भाऊ थोडा वेळ अंधारात उभे राहिले.

"पाव वाळतोय," आई म्हणाली.

ते बसले. खांद्याला खांदा लागत होता. लहानपणी दोघे एका पलंगावर झोपायचे तेव्हाही धाकट्याला हीच बाजू मिळायची.

तळण नव्हतं. पाव होता, उकडलेली अंडी होती, थंड भाजी होती. दादाने द्राक्षारसाच्या पेल्यावरची प्रार्थना म्हटली. बाबांच्या चालीत म्हणायला गेला आणि मध्येच त्याचा आवाज चिरकला. धाकट्याने मीठ पुढे केलं. दादाने घेतलं. मधे ताई लागली नाही.

"ही अंडी कोणी सोलली?" दादाने दिव्याला विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला.

"सालं आहेत."

"अंधारात सोलली."

हे नऊ महिन्यांतलं त्यांचं पहिलं थेट संभाषण. ताईने श्वास रोखला. असं ती जळत्या इमारतीत जिन्यावर पाय ठेवताना करायची.

"विचारू का एक?" दादा म्हणाला. तो धाकट्याकडे बघत नव्हता, पण उजेड इतका लहान होता की न बघायला जागाच नव्हती. "त्या दिवशी रुग्णालयात मी पंचेचाळीस मिनिटं लिफ्टमध्ये होतो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. एक धोबी, दोन गाड्या भरून चादरी, आणि मी. तो धोबी मला धीर द्यायला गाणी म्हणत होता. मी घंटा दाबत होतो. तू वर बाबांजवळ होतास. आख्ख्या इमारतीत लिफ्ट समजणारा एकच माणूस होता, आणि तो माझा भाऊ होता. मी बाहेर आलो तेव्हा बाबा गेले होते. मला एवढंच सांग. घंटा ऐकू आली होती का?"

वहिनीने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला हात उचलला, आणि मध्ये टेबल आहे हे आठवून तो पावावर ठेवला.

धाकटा बराच वेळ अंड्याचं साल काढत बसला. अंड्यावर आता साल नव्हतं.

"आली होती," तो म्हणाला. "आणि तो तू आहेस हेही कळलं होतं."

"कसं?"

"तीनदा दाबायचं, थांबायचं, तीनदा दाबायचं. आमच्या दाराची घंटा तू अशीच वाजवतोस. दुसरं कोणी असतं तर मी गेलोही असतो कदाचित. दहा मिनिटांचं काम होतं. ब्रेक हाताने सोडायचा आणि खाली आणायची. पण बाबांनी माझा हात धरला होता, दादा. आणि डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की दहा मिनिटं नाहीत."

"मला वाटलं, गेलो तर दोघांचंही हुकेल," धाकटा म्हणाला. "तुझंही आणि माझंही. म्हणून थांबलो. बरोबर केलं की चूक ते मला अजून कळत नाही. रोज कुठल्यातरी लिफ्टमध्ये घंटा वाजते आणि माझ्या हातातला पाना थांबतो. मी लिफ्टवाला आहे. विचार कर."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" आईने विचारलं. तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा नव्हता.

"कारण पुढचं सांगावं लागलं असतं." त्याने अंडं खाली ठेवलं. "बाबांना दिसत नव्हतं तेव्हा. त्यांनी विचारलं, थोरला आला का? बाहेर घंटा वाजतेय, आणि ते विचारतायत. मी म्हटलं, आला. ते म्हणाले, कुठाय, बोलत का नाही? मग मी..." तो थांबला.

"मग काय?"

"मग मी तू झालो."

"म्हणजे?"

"पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेलो, त्यांचा दुसरा हात धरला आणि तुझ्या आवाजात बोललो."

ताईच्या हातातला चमचा ताटात पडला. दादाचं तोंड उघडं राहिलं, आणि तो उजेड अगदी बरोबर त्याच्या दाढांवर पडला.

"काय बोललास?"

"'हं, काय म्हणतोय आमचा पेशंट? आ करा बघू.'" धाकट्याने हे अगदी हळू, स्वतःच्याच आवाजात सांगितलं. "ते हसले. म्हणाले, तुझ्यासमोर आता कशाला आ करू, आत काही उरलेलं नाही. आणि मग म्हणाले... ते तुझंच होतं दादा, मी नऊ महिने ते खिशात घालून फिरतोय. परत द्यायचं तर आधी चोरलं म्हणून सांगावं लागणार."

"बोल."

बाबांनी कवळी दुसऱ्या दवाखान्यात करून घेतली होती. स्वतःचा मुलगा दंतवैद्य असताना तीन बस बदलून एका अनोळखी डॉक्टरकडे गेले होते. आठ वर्षं दादाने हे कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, आणि आठ वर्षं घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

"म्हणाले, तुझ्याकडूनच दात करून घ्यायला हवे होते. पण तुला मांडीवर घेऊन मी आ कर, आ कर म्हणत घास भरवलेत. तुझ्यासमोर आपण आ करून बसायचं, याची लाज वाटली रे. तुझा हात चांगला आहे हे मला माहीत होतं. सगळ्यांना सांगायचो. तुला तेवढं सांगितलं नाही."

 ज्योत सरळ उभी होती. दादाने चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा काढला. आई रुमालाच्या टोकाने डोळे टिपत होती आणि त्याच वेळी तिच्या ओठांवर हसू होतं. वहिनीला त्या क्षणी सासूबाई नव्या नवरीसारख्या दिसल्या. ताई उघड उघड रडत होती. ती रडली की शिंका द्यायची, त्यामुळे तिने शिंकण्याआधी शिस्तीत दिव्याकडे पाठ केली.

"पुन्हा बोलून दाखव," दादा म्हणाला.

"काय?"

"माझा आवाज. जसा तिथे काढलास तसा."

"नको रे."

"मी तिथे होतो म्हणतोस ना? मग मला ऐकू दे, मी काय म्हणालो."

धाकट्याने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. त्याने घसा साफ केला, खांदे मागे घेतले, हनुवटी जराशी वर केली आणि नाकातून, हातमोजे चढवताना बोलावं तशा घाईच्या आवाजात म्हणाला, "हं, काय म्हणतोय आमचा पेशंट? आ करा बघू. अरे वा! घाबरायचं काही कारण नाही बाबा. जरासुद्धा दुखणार नाही. मी आहे ना इथे."

दादा मान एका बाजूला करून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"मी असा बोलतो?"

"हो," आई, ताई आणि वहिनी एकदम म्हणाल्या.

दादाने नाक पुसलं. त्याचा खांदा अजून धाकट्याच्या खांद्याला टेकलेला होता आणि तो काढून घ्यावा असं त्याला वाटलं नाही.

"आणि निघताना?" त्याने विचारलं. "निघताना काय म्हणालास? 'जातो' नाही ना म्हणालास? मी कधी जातो म्हणत नाही."

"येतो म्हणालो," धाकटा म्हणाला. "'येतो बाबा, बाहेर पेशंट थांबलेत.'"

दादाने हळूच मान डोलावली.

"बरोबर," तो म्हणाला. "असंच म्हणालो असतो मी."